मंजूर झालेले कर्ज हातचे जाऊ नये म्हणून

बँकेचे मंजुरीपत्र घरी येते त्या दिवशी घरात सणासारखा आनंद असतो. पत्र देवघरापाशी ठेवले जाते, शेजारीपाजारी येऊन पाहून जातात, आणि जणू घराची किल्लीच हातात आली अशा समजुतीने कुटुंब पुढच्या तयारीला लागते. आम्हांस येथे नम्रपणे सांगावयाचे आहे की, किल्ली आणि ते पत्र यांच्यामध्ये अजून बरीच वाट शिल्लक असते, आणि पुष्कळ कुटुंबांचा पाय घसरतो तो याच वाटेवर.

आमच्या परिचयाच्या एका कुटुंबाची हकिकत सांगतो. नावगाव सांगण्याचे कारण नाही. घरधनी बेळगावजवळच्या एका कारखान्यात कारागीर. पत्नी शिवणकाम करते. दोघांचे मिळून मासिक उत्पन्न सुमारे ४०,००० रुपये. पंचवीस लाखांचे एक बैठे घर त्यांनी पसंत केले. बँकेने हिशेब केला तो असा : उत्पन्नाचा अर्धा भाग, म्हणजे २०,००० रुपये, सर्व कर्जांच्या हप्त्यांसाठी धरावयाचा. साडेआठ टक्के व्याजाने वीस वर्षांच्या मुदतीवर वीस लाखांचा हप्ता सुमारे १७,३५० रुपये होतो. तेव्हा वीस लाख मंजूर. उरलेले पाच लाख घरचे. त्यांपैकी दोन लाख इसार म्हणून घरमालकास दिले आणि तीन महिन्यांत खरेदीखत करण्याचे ठरले. मुदतीत व्यवहार न झाल्यास इसार बुडेल, असेही त्या कागदात लिहिलेले होते.

मध्येच नाताळ आला. नव्या घरात जावयाचे, तर नवा फ्रीज असावा असे पत्नीस वाटले, आणि दुकानदाराने ‘बिनव्याजी दहा हप्ते’ म्हणून २३,००० रुपयांचा फ्रीज दारात आणून ठेवला. मोठ्या मुलास नोकरी लागली होती. त्याच्यासाठी बापाने स्वतःच्या नावावर कर्ज काढून दुचाकी घेतली. फ्रीजचा हप्ता २,३०० आणि दुचाकीचा ३,९००. सहा हजार दोनशे रुपये म्हणजे काय मोठेसे, असे त्या बिचाऱ्यांस वाटले. परंतु रक्कम अदा करण्यापूर्वी बँकेने त्यांची कर्जनोंद पुन्हा तपासली. वीस हजारांतून ६,२०० वजा जाता १३,८०० उरले, आणि तेवढ्या हप्त्यात सोळा लाखांचेही कर्ज पुरते बसत नाही. चार लाखांची खिंड पडली, आणि खरेदीखताला उरले होते अवघे बावीस दिवस.

हे पुन्हा तपासणे बँकेचा लहरीपणा नव्हे. मंजुरीपत्र नीट वाचले तर त्यातच लिहिलेले असते की, अर्जदाराच्या परिस्थितीत फरक पडल्यास बँक मंजुरी कमी करू शकेल वा मागे घेऊ शकेल. त्या पत्राला मुदतही असते. ती टळली की सारे पुन्हा पहिल्यापासून. आमच्या लोकांस रकमेचा आकडा तेवढा वाचून पत्र घडी घालण्याची सवय आहे, ती येथे महाग पडते.

आपल्या कर्जांची नोंद कोठे असते, हेही समजून घ्यावे. सन २००५ च्या कायद्याखाली आपल्या देशात अशा चार कंपन्या काम करतात : ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. बँका व वित्तसंस्था त्यांना प्रत्येक कर्जाची आणि हप्त्याची माहिती पुरवितात. पूर्वी ही माहिती महिन्याने जात असे. १ जानेवारी २०२५ पासून ती पंधरवड्याने द्यावी असा रिझर्व्ह बँकेचा आदेश लागू झाला. तेव्हा ‘आज घेतलेले कर्ज बँकेला कोठे कळते’ हा भ्रम सोडावा. या नोंदींवरून ३०० ते ९०० पर्यंत गुण दिले जातात. प्रत्येक कंपनीकडून वर्षातून एकदा आपला पूर्ण अहवाल विनामूल्य मागता येतो, आणि स्वतःचा अहवाल स्वतः पाहिल्याने गुण घटत नाहीत. मात्र चार ठिकाणी कर्जाचे अर्ज टाकले की त्या चारही चौकशा तेथे उमटतात.

सोन्यावर काढलेले कर्ज, दुकानातील हप्ता, क्रेडिट कार्डाची थकबाकी, सारे त्या वहीत येते. जामीनकीचेही तसेच. चुलतभावाच्या वा जावयाच्या कर्जाला जामीन राहावयाचे म्हणजे नुसती सही करावयाची, असे गावात मानतात. ते कर्ज तुमच्याही नावाशी जोडले जाते, आणि त्याने हप्ता चुकविला तर डाग तुम्हांस लागतो. नात्यात ‘नाही’ म्हणणे कठीण असते हे आम्ही जाणतो. तरी ‘घराचे खरेदीखत होऊ दे, मग पाहू’ एवढे तरी म्हणता येते. नोकरी बदलणेही त्या दोन-तीन महिन्यांपुरते पुढे ढकलावे. नव्या जागी पगार अधिक असला तरी बँक कागदपत्रे नव्याने मागते. खात्यात अचानक मोठी रोकड भरली, तरी ती कोठून आली हे विचारले जाते. इसाराचे पैसेही चेकने अथवा खात्यातूनच द्यावेत. स्थावराच्या व्यवहारात २०,००० रुपये वा अधिक रक्कम रोख घेण्यास आयकर कायद्याने २०१५ पासून मनाई आहे.

कधी कधी अर्जदार निर्दोष असतो आणि घरच अडते. गोव्यातील आमच्या वाचकांनी येथे विशेष लक्ष द्यावे. तेथील दिवाणी कायद्यानुसार पती-पत्नींची मालमत्ता सामान्यतः सामाईक असते. म्हणून विकणाऱ्याच्या पत्नीची वा पतीची सही नसेल तर व्यवहार टिकत नाही. वडिलोपार्जित घर असेल आणि वारसांची वाटणी इन्व्हेंटरी होऊन झालेली नसेल, तर परदेशी गेलेल्या एका भावासाठीही काम खोळंबते. जमीन कोमुनिदादीची निघाल्यास प्रश्न आणखी बिकट. बेळगावकडे ग्रामपंचायतीच्या हद्दीतील घराची ई-स्वत्तू नोंद पाहावी. हे सारे बँकेचा वकील तपासतोच. पण तो तपासतो तोवर आपला इसार जाऊन बसलेला असतो. यास्तव कागदपत्रे आधी वकिलास दाखवावी, मग इसार द्यावा, आणि इसारपावतीतच एक ओळ घालून घ्यावी की, बँकेने कर्ज नाकारल्यास वा कमी केल्यास इसार परत मिळेल. बांधकाम व्यावसायिकाकडून घर घेत असाल तर २०१६ चा रेरा कायदा पाठीशी आहे : नोंदणीकृत करार केल्यावाचून किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम त्याला घेता येत नाही.

त्या कुटुंबाच्या इसारपावतीत तशी ओळ नव्हती. शेवटी पत्नीने आपल्या पाटल्या काढून दिल्या. गहाण ठेवल्या असत्या तर ते तिसरे कर्ज झाले असते; म्हणून विकल्या. त्यांतून आणि मुलाच्या पहिल्या पगारांतून दुचाकीचे व फ्रीजचे कर्ज मिळून सुमारे सव्वा लाख रुपये एकरकमी फेडले. नोंद सुधारण्यास दिवस लागतात, म्हणून दोन्ही ठिकाणांहून कर्ज बेबाक झाल्याचे पत्र घेऊन ते बँकेत नेऊन दिले. बँकेने मंजुरी पूर्ववत केली. घरमालक भला माणूस. त्याने वर दहा दिवस थांबण्याचे कबूल केले, आणि नवव्या दिवशी खरेदीखत झाले.

मूळ दस्तऐवज आता बँकेपाशी आहेत. ते देताना यादीवर पोच घेतली का, असे आम्ही त्यांस विचारले. घेतली नव्हती, दुसऱ्या दिवशी जाऊन घेतली. कर्ज पुरे फिटल्यापासून तीस दिवसांत ते कागद परत देणे बँकेवर बंधनकारक आहे, आणि तिच्या चुकीने उशीर झाल्यास दर दिवसास ५,००० रुपये भरपाई द्यावी लागते, असा रिझर्व्ह बँकेचा नियम १ डिसेंबर २०२३ पासून लागू आहे. परत घेताना ती पोच कामास येईल.