शिलाक्षरापासून संगणकीय टंकापर्यंत : रोमन कोरीव अक्षरांची पुनर्निर्मिती

शिवडी येथील ख्रिस्ती दफनभूमीत वास्तुरचनाकार जॉर्ज विटेट (मृत्यू १९२६) यांची कबर आहे. त्यांनी रचना केलेल्या गेटवे ऑफ इंडियावरील इंग्रजी लेख केवळ मोठ्या रोमन अक्षरांत कोरलेला असून त्यातील १९११ हे वर्षही रोमन अंकांत आहे. अशा अक्षरांचा सर्वमान्य आदर्श म्हणजे रोममधील ट्राजन स्तंभाच्या पायथ्यावरील इ. स. ११३ चा सहा ओळींचा लेख. कॅरोल ट्वॉम्ब्ली यांनी १९८९ मध्ये अ‍ॅडोबी कंपनीसाठी या लेखावरून 'ट्राजन' हा संगणकीय टंक सिद्ध केला. पुढे चित्रपटांच्या जाहिरातींत तो इतका वापरला गेला की त्याचे मूळ दगडात आहे याचा विसर पडावा.

दगडावरील अक्षर जसेच्या तसे उतरविले की टंक तयार होतो, हा समज मात्र चुकीचा आहे. मूळ लेखात एच, जे, के, यू, डब्ल्यू, वाय आणि झेड ही सात अक्षरे नाहीतच. म्हणजे गेटवेवरील लेख केवळ त्या शिळेवरील अक्षरांनी जुळविता येणार नाही. त्यात एच, के आणि वाय लागतात. ती उपलब्ध अक्षरांच्या प्रमाणांवरून, म्हणजे जवळजवळ वर्तुळाकार 'ओ', अरुंद 'ई' व 'एस' यांवरून, अनुमानाने घडवावी लागतात. शून्य ते नऊ हे अंक तर रोमन नव्हेतच. त्यांची परंपरा भारतीय असून तिची काही प्राचीन रूपे जुन्नरजवळच्या नाणेघाटातील लेखात आढळतात. रोमन टंकाला अंक पुरवावे लागतात ते अशा परक्या घराण्यातून!

दुसरा प्रश्न रेषेच्या जाडीचा. कोरीव अक्षर ही खाच असते. तिच्या कडा व आतील सावली मिळून डोळ्यांना अक्षर दिसते. पडद्यावरील सपाट काळ्या आकारात ही सावली राहत नाही. शिवाय एडवर्ड कॅटिच यांनी १९६८ च्या आपल्या ग्रंथात असे प्रतिपादन केले की ही अक्षरे प्रथम सपाट कुंचल्याने रंगविली जात व नंतर छिन्नीने कोरली जात. टोकांचे बारीक फाटे, म्हणजेच सेरिफ, ही कुंचल्याची देणगी होय. हे मान्य केल्यास रचनाकाराने छिन्नीची धार अनुसरावी की कुंचल्याचे वळण, हे आधी ठरवावे लागते.

शिवडीशेजारच्या परळचा शिलाहार राजा अपरादित्याचा बाराव्या शतकातील शिलालेख प्रसिद्ध आहे. त्याच्या नागरी अक्षरांवरून टंक घडवायचा झाल्यास अडचण अधिक मोठी ठरेल, कारण नागरीला स्वरचिन्हे व जोडाक्षरे धरून शेकडो आकार लागतात आणि एकाच लेखात ते सर्व सापडणे अशक्य. अशा टंकासोबत शिळेवरील अक्षरे कोणती व अनुमानित कोणती, याची यादी दिली पाहिजे. अक्षरवळणावरून लेखांचा काळ ठरविला जात असल्याने, अशी यादी नसल्यास आजच्या रचनाकाराने कल्पिलेले अक्षर उद्या बाराव्या शतकाचा पुरावा म्हणून उद्धृत होण्याचा धोका आहे.