प्रस्तावाआधी संमती

इंदापूर-बारामतीच्या ऊसतोड स्त्रियांमधील मूत्रकृच्छ्रावर अभ्यास करण्याचे आम्ही योजिले. दिवसभर फडात, पाणी बेताचे, आडोसा नाही. हेतू स्पष्टच होता. विद्यापीठाची व नीतिसमितीची संमती मागाहून घेऊ, अशा भरवशाने अनुदानाचा प्रस्ताव धाडला. तो पहिल्याच छाननीत परत आला. त्यात वावगे नव्हते. अनुदान संस्थेच्या खात्यात येते, हिशेबही तिलाच द्यावा लागतो. पदव्युत्तर विद्यार्थी प्रबंधाचा आराखडा नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाकडे धाडताना जी शिस्त पाळतो, ती आम्ही जुन्या वैद्यांनी विसरावी! शिवाय चिकित्सा-परीक्षणाची नोंद पहिला रुग्ण घेण्यापूर्वीच सीटीआरआयकडे करावी लागते, आणि तेथेही नीतिसमितीचे पत्र मागतात. सर्व संमती हाती आल्या तेव्हा चैत्र लागला होता. गाळप आटोपले होते, टोळ्या बीडकडे परतल्या होत्या.