पॅकेट आलं त्या वाटेने परत

ऑफिसात इंटरनेटच्या दोन लाइनी: एक लीज्ड, एक फायबर. रोजचं ब्राउझिंग आणि व्हिडिओ कॉल फायबरवरून जातात. हिशेबाच्या सर्व्हरपर्यंत शाखांना मात्र दोन्ही लाइनींवरून पोहोचता आलं पाहिजे. नेहमीचं रूटिंग इथे अपुरं पडतं, कारण पॅकेट कुठे जायचंय एवढंच ते बघतं. डिफॉल्ट रूट फायबरकडे असला, की लीज्ड लाइनवरून आलेल्या शाखेला उत्तरही फायबरवरूनच निघतं. चुकीच्या वाटेने निघालेलं ते उत्तर शाखेच्या कामी येत नाही. सर्व्हर ठणठणीत असतो आणि शाखेतली माणसं खोळंबलेली असतात.

लिनक्समध्ये यावर 1999 च्या 2.2 कर्नलपासून सोय आहे. रूटिंग टेबलं अनेक ठेवता येतात आणि कोणतं टेबल बघायचं ते नियम ठरवतात. ‘आयपी रूल’ कमांड दिली की मुळातले तीन नियम दिसतात: 0 वर लोकल, 32766 वर मेन, 32767 वर डिफॉल्ट. लहान आकडा आधी तपासला जातो, आपले नियम मधल्या मोकळ्या जागेत बसवायचे. मी लीज्ड लाइनसाठी वेगळं टेबल करतो. त्या लाइनवरून आलेल्या कनेक्शनवर फायरवॉलमध्ये खूण ठेवतो, सर्व्हरकडून उत्तर आलं की तीच खूण पॅकेटवर परत चढवतो. खूण दिसली की नवं टेबल, एवढाच नियम.

इतकं करूनही कनेक्शन लागत नाही, तेव्हा खरी कसोटी. टीसीपीडंपमध्ये लीज्ड लाइनवर पॅकेट आलेलं स्पष्ट दिसतं, पण फायरवॉलच्या फॉरवर्ड साखळीतला आकडा हलत नाही. पॅकेट गिळलेलं असतं आरपी फिल्टरने. ‘या पत्त्याला उत्तर द्यायचं तर मी याच लाइनने गेलो असतो का?’ असं तो तपासतो, आणि तपासताना खूण धरत नाही. मेन टेबल फायबर दाखवतं, म्हणून पॅकेट बाद. या फिल्टरचं मूल्य कडक 1 वरून सैल 2 करावं लागतं. सगळ्या इंटरफेससाठीच्या ‘ऑल’ला 0 दिल्याने तो बंद होत नाही, ‘ऑल’ आणि इंटरफेस यांतलं मोठं मूल्य लागू होतं. नेटवर्क शिकणाऱ्या प्रत्येकाला ही गोष्ट पहिल्याच आठवड्यात सांगायला हवी, असं मला मनापासून वाटतं.

मग मोबाइल डेटावरून सर्व्हर उघडून बघायचा. चालला की नियम कॉन्फिगरेशन फाइलीत लिहायचे, नुसत्या कमांडने दिलेले नियम मशीन रीस्टार्ट होताच जातात.