वजाबाकीनंतर उरलेलं आकाश

पुण्यातल्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेतल्या विज्ञान दिनी एका व्याख्यानात आकडा कानावर पडला. चिलीतली रुबिन वेधशाळा रात्रीला 'आकाशात इथे काही बदललं' अशा सुमारे एक कोटी सूचना पाठवणार, त्याही फोटो निघाल्यावर मिनिटभरात. एक कोटी! इतक्या सूचना निवडणार कोण, या कुतूहलापोटी पुढे एका पीएच.डी. करणाऱ्या मुलीच्या टेबलाशी जाऊन बसलो.

पडद्यावर तीन चौकोन होते: आजचा फोटो, त्याच जागेचा जुना फोटो आणि दोहोंची वजाबाकी. जुने तारे वजा होतात, नव्याने उजळलेलं उरतं. पण हवा रोज वेगळी थरथरते. काल टोकदार दिसलेला तारा आज पसरट. म्हणून सॉफ्टवेअर आधी चांगला फोटो मुद्दाम धूसर करतं, मगच वजाबाकी. (चांगल्याला वाईटाच्या पंगतीला बसवायची रीत इथेही आहे तर!)

तरी कचरा उरतोच. वैश्विक किरणांचे ओरखडे, उपग्रहांच्या रेघा, फोटो केसभर सरकल्याने उमटलेले अर्धे काळे-अर्धे पांढरे ठिपके.

"काका, हा सुपरनोव्हा वाटतो ना? खोटा." टक्. "हाही खोटा." टक्. तिचं बोट त्या एका कळीवरून क्वचितच हलायचं.

माणसांनी लावलेली हीच खऱ्या-खोट्याची लेबलं यंत्राला शिकवली जातात. आयुकात घडलेले खगोलशास्त्रज्ञ आशिष महाबळ अमेरिकेत कॅलटेकमध्ये हेच काम करतात. कॅटलिना या आकाश-सर्वेक्षणाच्या दुर्बिणी पृथ्वीजवळचे लघुग्रह शोधायला फोटो काढत. २००७ पासून त्याच फोटोंतून महाबळांच्या गटाने ताऱ्यांचे स्फोट नि भडके वेचले आणि लगेच जगाला खुले केले. कॅलिफोर्नियातल्या पालोमार वेधशाळेचा झेडटीएफ कॅमेरा तर एका फोटोत पौर्णिमेचे २०० हून जास्त चंद्र मावतील एवढं आकाश टिपतो. तिथे नजर कुठवर पुरणार?

कौतुक यंत्राचं होतं; माझं लक्ष मात्र त्या बोटावरून हटेना. यंत्राची हुशारी अशा बोटांकडून उसनी घेतलेली आहे. मग कुणी कधी पाहिलंच नाही असं काही उगवलं, तर यंत्र ते फेकून देणार नाही? "भीती असतेच," ती म्हणाली. "म्हणून फेकलेलंही अधूनमधून चाळतो."

आणि खरा ठिपका सापडला तरी तो नेमका काय, हे ठरवायला वर्णपट लागतो. त्यासाठी दुसरी दुर्बीण हवी. जुन्नरजवळ गिरवलीला आयुकाची दोन मीटरची आहे. पावसाळ्यात ती बंद. एक कोटी सूचनांना पुरतील एवढ्या दुर्बिणी तर जगातही नाहीत.