नांदते विहार

महाराष्ट्रातल्या माणसाला बौद्ध विहार म्हटले की दगड आठवतो. कार्ले, भाजे, कान्हेरी, अजिंठा. सह्याद्रीच्या कातळात कोरलेली चैत्यगृहे, भिक्षूंच्या खोल्यांतले दगडी ओटे, पावसाच्या पाण्याची टाकी, आणि राहणारे कुणीच नाही. दुसरी आठवण नागपूरच्या दीक्षाभूमीची. १४ ऑक्टोबर १९५६ नंतर आपल्याकडे लाखो घरांत बुद्धवंदना सुरू झाली. मधली हजारभर वर्षे मात्र आपल्या डोंगरांत रिकामी आहेत. त्या काळात भिक्षू, ग्रंथ, गुरुशिष्य आणि रोजचा पाठ जिथे अखंड चालू राहिला, त्या जागा पाहायच्या तर हिमालयाच्या मुख्य रांगा ओलांडून पलीकडच्या कोरड्या दऱ्यांत जावे लागते. लडाख, झांस्कर, स्पिती आणि किन्नौरचा वरचा भाग. या सगळ्यांत स्पितीची दरी लहान आहे, पण एका दरीत इतके काही एकत्र पाहायला मिळणे दुर्मीळ. म्हणून हा लेख मुख्यतः तिच्याविषयी.

सुरुवात दहाव्या शतकाच्या शेवटी होते. पश्चिम तिबेटातल्या गुगे राज्याचा राजा येशे-ओ याला आपल्या मुलखात धर्माची घडी नीट बसवायची होती. त्याने एकवीस तरुण काश्मीरला शिकायला पाठवले. परंपरा सांगते की उष्ण हवा आणि ताप यांनी बाकीचे दगावले आणि दोघेच परतले. त्यांतला एक रिनछेन झांगपो (९५८ ते १०५५). आयुष्यभर त्याने संस्कृत ग्रंथ तिबेटीत आणले. त्याने एकशे आठ मंदिरे बांधली असेही सांगतात. आकडा श्रद्धेचा आहे, पण किन्नौरमधल्या नाकोपासून लडाखपर्यंत लोक आजही जुने मंदिर दाखवताना त्याचेच नाव घेतात. काश्मीरमधली बौद्ध विद्यापीठे पुढे लयाला गेली. तिथल्या चित्रकारांचा हात कसा होता हे आज कळते ते या दऱ्यांतल्या भिंतींवरून.

स्पितीतला ताबोचा मठ त्याच काळातला, ९९६ सालचा. सेहेचाळीस वर्षांनी येशे-ओच्या वंशातल्या छांगछुब-ओने त्याचा जीर्णोद्धार केला, हे आतल्या लेखातच नोंदलेले आहे. बाहेरून पाहणाऱ्याची इथे निराशा होण्याचा संभव आहे. मातकट रंगाचे बुटके ठोकळे, वर मातीचीच सपाट धाबी, भोवती मातीची भिंत. शिखर नाही, सोने नाही. खरे ताबो दाराच्या आत आहे. मुख्य मंदिरात उजेड येतो तो छतातल्या छोट्या झरोक्यातून. डोळे सरावायला वेळ लागतो, आणि तेवढा वेळ द्यावाच. मग सभागृहात चारी दिशांना तोंड असलेला वैरोचन बुद्ध दिसतो, आणि भिंतींवर माणसाच्या उंचीपेक्षा वर, जणू हवेत बसलेल्या मातीच्या देवता एकामागून एक उजळतात. वज्रधातु मंडल, म्हणजे वैरोचनाभोवती देवतांची मांडणी, कापडावर किंवा भिंतीवर रंगवलेली बऱ्याच ठिकाणी दिसते. इथे अख्खी खोलीच मंडल आहे आणि आपण त्याच्या आत उभे असतो. देवतांच्या खाली चित्रांचे पट्टे आहेत. एका बाजूने सुधन नावाचा तरुण गुरूमागून गुरू शोधत निघालेला आहे, पुढे बुद्धाचे चरित्र येते. प्रवेशदालनात येशे-ओ आणि इतर दाते रंगवलेले आहेत, शेजारी नावे लिहून. आत छायाचित्रे काढू देत नाहीत. हे चांगलेच आहे, कारण हातात काही नसले की माणूस भिंतीजवळ थांबतो.

ताबोला हिमालयातले अजिंठा म्हणतात. दोन्हीकडे चित्रे मातीच्या गिलाव्यावर आहेत, तेव्हा हे नाव चुकीचे नाही. पण एक फरक मला फार मोठा वाटतो. अजिंठ्याच्या गिलाव्यामागे डोंगर आहे. माणसे निघून गेली, रानाने वाट बुजवली, १८१९ साली एक इंग्रज अधिकारी तिथे पोहोचला, तरी लेणी जागेवर होती. ताबोच्या गिलाव्यामागे पुन्हा मातीच आहे. अशी इमारत सोडून दिली तर काही पिढ्यांत ती जमीनदोस्त होते. धाब्यावर लाकडी तुळया, त्यांवर विलोच्या काटक्या, मग झुडपे आणि गवत, आणि वर चिकणमाती ठोकून बसवलेली. बर्फ पडले की ते लगेच खाली ढकलायचे. उन्हाळ्यात भेगा बुजवायच्या, बाहेरून माती सारवायची. हजार वर्षे हे काम कुणीतरी केले, म्हणून आतला वैरोचन कोरडा राहिला.

हे कुणीतरी म्हणजे गावच. स्पितीत जमीन थोडी आणि पाणी त्याहून थोडे, म्हणून शेत थोरल्या मुलाकडे जाई, आईवडील लहान घरात राहायला जात आणि धाकटी मुले गोंपात, म्हणजे मठात, जात. शेताचे तुकडे झाले नाहीत आणि मठाला माणसे मिळत गेली. हिमनदीवरून कुहलीने, म्हणजे पाटाने, आणलेल्या पाण्याची पाळी, जवाची कापणी, याक आणि घोडे, आणि वर्षाचे सण यांची गाठ मठाशी होती. मठांचा आढावा घेताना शेते वगळली तर हाती फक्त वास्तुकला उरते.

ताबोहून स्पिती नदीच्या वरच्या अंगाला धनकर लागते. पिन आणि स्पिती नद्यांच्या संगमावर, झिजत चाललेल्या मातीच्या सुळक्यांवर हा गोंपा टेकला आहे. ही एके काळची स्पितीची राजधानी. जगातल्या धोक्यात आलेल्या शंभर वारसास्थळांच्या २००६ च्या यादीत त्याचे नाव होते, आणि खालची माती धुपताना पाहिली की कारण विचारावे लागत नाही. ल्हालुंगचे मंदिर आकाराने लहान, पण आतले मातीचे शिल्पकाम इतके भरगच्च की मी ताबोनंतर त्याचेच नाव घेईन. की गोंपा सगळ्यांत प्रसिद्ध आहे, ४,१६६ मीटर उंचीवर. हल्ले, आग आणि १९ जानेवारी १९७५ चा किन्नौरचा भूकंप सोसून तो पुन्हा पुन्हा उभारला गेला. त्याचे चढत गेलेले रूप त्या दुरुस्त्यांतून आले आहे. पिनच्या खोऱ्यात कुंगरीचा न्यिंग्मा पंथाचा मठ आहे, तिथली परंपरा बाकी दरीहून वेगळी.

लडाखमधले हेमिस आणि ठिकसे बहुतेक सहलींत असतातच. आल्ची मात्र अनेकदा तासाभरात उरकले जाते, आणि ते मनाला लागते. सिंधूकाठच्या आल्चीतल्या सुमत्सेक मंदिरात दोन मजल्यांपर्यंत गेलेले तीन बोधिसत्त्व उभे आहेत आणि त्यांच्या धोतरांवर चित्रे आहेत. मैत्रेयाच्या वस्त्रावर बुद्धचरित्र, मंजुश्रीच्या वस्त्रावर चौऱ्याऐंशी सिद्ध, अवलोकितेश्वराच्या वस्त्रावर मंदिरे आणि वाडे. काश्मिरी कारागिरांचे इतके नाजूक काम मला दुसरीकडे माहीत नाही.

या सगळ्यावर आता पाऊस पडतो आहे. लेहला वर्षभरात साधारण शंभर मिलिमीटर पाऊस होतो; लोणावळ्यात जुलैच्या एका दिवसात तेवढा पडून जातो. मातीची वास्तू या हिशेबावर उभी आहे. ५ ऑगस्ट २०१० च्या रात्री लेहवर ढगफुटी झाली, दोनशेहून अधिक माणसे गेली. जुलै २०२३ मध्ये स्पितीतल्या चंद्रताल सरोवरापाशी अवेळी बर्फ पडून पर्यटक अडकले. अशा धारांना धाबे टिकत नाही. लोक पत्रे घालतात, घरे सिमेंटची बांधतात, आणि त्यांना दोष देता येत नाही. पण सिमेंटचे घर बांधणाऱ्या पिढीला चिकणमाती किती मळायची हे शिकायचे कारण उरत नाही, आणि गोंपाच्या धाब्यावर चढणारी माणसे त्याच घरांतून यायची असतात. मटारच्या नगदी पिकाने हातात पैसा आला, मुले शिकायला बाहेर गेली, ३ ऑक्टोबर २०२० ला अटल बोगदा सुरू झाल्यावर मनालीकडून येणारी गर्दी वाढली.

म्हणून जाणाऱ्यांना माझे आग्रहाचे सांगणे असे, की मनालीहून कुंझुम खिंडीतून एकदम वर चढू नका. शिमल्याहून किन्नौरमार्गे सतलजच्या काठाने या. उंची हळूहळू अंगवळणी पडते, आणि नाको, ताबो, धनकर, ल्हालुंग, की हा क्रमही नीट लागतो. ताबोला दोन रात्री द्या. पहाटेचा पाठ नव्या सभागृहात होतो, १९८३ साली भूकंपानंतर बांधलेल्या. मागे बसून ऐकायला कुणी हरकत घेत नाही. हॉटेलाऐवजी गावातल्या घरात उतरा, म्हणजे पैसा त्या घरात राहतो. पाणी जपून वापरा, ते कुहलीचे आहे. आणि जूनमध्ये गेलात आणि धाब्यावर माती चढवण्याचे काम चालू दिसले, तर विचारून त्यांच्याबरोबर एक टोपली वर न्या.