उसवण्यासाठी घातलेला टाका

बंगळूरच्या बसवनगुडी भागात ‘टाटा सिल्क फार्म’ हे नाव आजही प्रचलित आहे. जमशेटजी टाटा यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तेथे रेशीम-केंद्र स्थापन केले आणि जपानी पद्धत शिकविण्यासाठी त्या देशातील जाणकारांना पाचारण केले. रेशीम काढण्याची जपानी रीत अशा प्रकारे या शहरास परिचित झाली. रेशमी वस्त्र पिढ्यान्‌पिढ्या टिकविण्याची जपानी घरांतील रीतही तितकीच जाणून घेण्याजोगी आहे.

रेशमी किमोनो वारंवार धुता येत नाही. घाम व मळ शोषून घेण्याचे काम म्हणून आतील वस्त्राकडे, म्हणजे ‘जुबान’कडे सोपविलेले असते. अंगालगतचे ‘हादाजुबान’ आखूड व सुती असते; त्यावर घोट्यापर्यंत पोहोचणारे ‘नागाजुबान’ येते. ‘जुबान’ हा शब्द जपानीत पोर्तुगीजांकडून आला. त्याचे मूळ अरबी ‘जुब्बा’ होय. मराठीतील ‘झुब्बा’ही त्याच मुळाचा आहे.

हादाजुबान घरी हाताने शिवता येते. बंगळूरच्या बाजारात सहज मिळणारी मलमल त्यास योग्य ठरते. कापड प्रथम भिजवून वाळवावे, म्हणजे ते पुढे आटत नाही. जपानी कापडाचा पन्हा सुमारे ३६ सेंटिमीटर असतो. आपल्याकडील रुंद पन्ह्याचे कापड त्यानुसार उभे फाडून घ्यावे लागते. सर्व तुकडे सरळ, आयताकृती असतात. पुढचा व मागचा भाग अखंड असल्यामुळे खांद्यावर शिवण येत नाही. दोन पट्टे पाठीच्या मध्यावर जोडले जातात. जादा कापड कापून न टाकता शिवणीच्या आत दुमडून ठेवतात.

टाका साधा धावदोऱ्याचा असतो. गोधडी शिवणाऱ्या हाताला तो नवा नाही. शिवून झाल्यावर दोरा अंगठ्याने हळुवार सारखा करावा, म्हणजे चुण्या राहत नाहीत. नंतर शिवणीपासून सुमारे दोन मिलिमीटर अंतरावर कापडाची घडी घालून ती दाबतात. ही घडी दोरा झाकते.

यंत्राची टीप येथे का वापरू नये, असा प्रश्न साहजिकच उद्भवतो. यंत्राच्या टिपेत दोन दोरे एकमेकांत घट्ट अडकतात. ताण आल्यास टीप न तुटता कापड फाटण्याचा संभव असतो. हातशिवणीत प्रथम दोरा तुटतो आणि कापड वाचते. तुटलेला टाका पुन्हा घालता येतो, फाटलेले कापड मात्र पूर्ववत होत नाही.

नागाजुबानच्या गळपट्टीवर ‘हानएरी’ नावाची पट्टी सैल टाक्यांनी लावतात. मळली की ती उसवून धुतात. भारी रेशमी साडीला आतून लावलेला फॉल जसा काठाची झीज स्वतःवर घेतो, तसेच हे काम आहे.

किमोनोही याच तत्त्वाने शिवलेला असतो. ‘आराइहारी’ या पारंपरिक पद्धतीत तो संपूर्ण उसवून, तुकडे सलग जोडून धुतात, खळ देऊन ताणून वाळवितात आणि पुन्हा शिवतात. झिजलेला भाग आत जातो, आत दुमडलेला बाहेर येतो. सहज उसवता येणे हा या टाक्याचा दोष नसून वस्त्राच्या दीर्घायुष्याचा तोच आधार आहे.