जुन्या पिक-अप गाडीची बैठक खाली आणणे : पाट्यांचे गणित

ज्यांच्या घरी वडिलांच्या किंवा आजोबांच्या काळातील पिक-अप गाडी अद्याप जपून ठेविलेली आहे, त्यांना ती दोन-चार इंच खाली बसलेली दिसावी असे पुष्कळदा वाटते. परदेशात या कामासाठी तयार सामग्री मिळते; परंतु ती आणविण्याचा खर्च ठाणे-डोंबिवलीकडील सामान्य मालकास झेपणारा नसतो. मग काम पाटे ठोकणाऱ्या कारागिराकडे जाते. अल्प खर्चाच्या ज्या रीती प्रचारात आहेत, त्यांपैकी कोणती पोलादाला मानवते हे पाहण्याचा प्रस्तुत टिपणात प्रयत्न केला आहे.

मुंबईच्या परिसरात जुन्या मालवाहू गाड्यांची दोन घराणी ठळक आहेत. एक विलिस जीपचे. तिची जुळणी महिंद्र कंपनीने १९४० च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत सुरू केली. दुसरे डॉज व फार्गो गाड्यांचे. या गाड्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापिलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ला येथील कारखान्यातून येत. दोहोंतही पोलादी पट्ट्यांच्या थराची स्प्रिंग असते. तिलाच बाजारात पाटे म्हणतात. फरक आहे तो बैठकीचा. जीपमध्ये पाटे आसाच्या खाली बांधलेले असतात, तर अमेरिकन धाटणीच्या ट्रकांत ते बहुधा आसाच्या वर टेकतात.

हा फरक न ओळखल्यामुळे पुष्कळ घोटाळा होतो. आस आणि पाटे यांच्यामध्ये लोखंडी ठोकळा घालून लांब यू-बोल्ट आवळणे ही सर्वांत स्वस्त युक्ती. पण तोच ठोकळा एका गाडीला खाली आणतो आणि दुसरीला वर चढवितो. जीपमध्ये ५ सेंटिमीटरचा ठोकळा घातला की सांगाडा ५ सेंटिमीटर खाली येतो खरा, परंतु पाट्यांखालची यू-बोल्टची पट्टीही जमिनीकडे तेवढीच सरकते व दगडधोंड्यांवर तीच प्रथम आपटते. ज्या गाडीत पाटे वर असतात तेथे आस पाट्यांच्या वर नेऊन बांधावा लागतो. त्यामुळे होणारी उतरण आसाच्या नळीचा व्यास आणि पाट्यांची जाडी यांच्या बेरजेइतकी असते. नळी ७.५ आणि थर ५ सेंटिमीटर धरल्यास ती १२.५ सेंटिमीटर होते. इतक्या उतरणीत आस सांगाड्याला भिडतो आणि सांगाडा कापून खाच पाडावी लागते. हे काम स्वस्तही नव्हे आणि निर्धोकही नव्हे.

दुसरी रीत पाटे काढून घेण्याची. तीत एक पैसाही लागत नाही, म्हणूनच ती लोकप्रिय आहे. समजा, सारख्या जाडीचे ९ पाटे आहेत, उभ्या गाडीच्या भाराने ते ६ सेंटिमीटर दबतात आणि रबरी ठोकर अजून ८ सेंटिमीटर दूर आहे. त्यांतील ३ पाटे काढले तर ताठपणा दोन-तृतीयांश उरतो, दबणे ९ सेंटिमीटर होते आणि गाडी ३ सेंटिमीटर उतरते. मात्र उरलेल्या प्रत्येक पाट्यावरील ताण दीडपट होतो. शिवाय ठोकरीपर्यंतचे अंतर ५ सेंटिमीटरच राहते व स्प्रिंगही मऊ झालेली असते; त्यामुळे ठोकर लागण्यास पूर्वी जितका जादा भार लागे, त्याच्या सुमारे ४२ टक्के भारातच ती लागते. माल वाहणाऱ्या गाडीच्या बाबतीत ही रीत सर्वथा त्याज्य मानावी.

तिसरी रीत पाट्यांचा बाक कमी करण्याची. पाट्यांची संख्या तीच राहते, ताठपणा तोच राहतो. ३ सेंटिमीटर उतरविल्यास वरील प्रमाण ६२ टक्क्यांच्या वर राहते आणि भारामुळे येणारा ताण वाढत नाही. मात्र बाक गॅसच्या ज्योतीवर पाटा लाल करून काढला तर पोलादाचे पाणी उतरते आणि काही महिन्यांत पाटा बसतो किंवा तुटतो. थंड पाटा दाबयंत्राखाली थोडा थोडा दाबावा. हे वाकविणे गाडीच्या भाराच्याच दिशेने होत असल्याने पोलादाच्या अंगात उरणारा ताण उपकारकच ठरतो. बाक कमी झाला की पाटा लांबतो, म्हणून टोकाचे शॅकल बाहेर झुकते. त्याचा कोन तपासावा. (जाता जाता : १९९० च्या दशकात डोंबिवलीजवळ तयार झालेल्या प्यूजो ३०९ मोटारीत मागे पाटे नसून पिळाचे दांडे होते, ते दाते बदलून बसविले की सुटा भाग न घेता बैठक बदले. पिक-अपच्या मालकास ही सोय नाही.)

आता रस्त्याचा प्रश्न. भारतीय रस्ते परिषदेच्या मानकातील गतिरोधक ३.७ मीटर रुंद, १० सेंटिमीटर उंच व १७ मीटर त्रिज्येचा असतो. जीपच्या दोन आसांतील अंतर सुमारे २.०३ मीटर, म्हणून गतिरोधक मधोमध असताना गाडीखालची केवळ ३ सेंटिमीटर जागा तो खातो. आसांतील अंतर ३ मीटर असलेल्या पिक-अपची ६.६ सेंटिमीटर जागा जाते. पण हे झाले मानकाप्रमाणे बांधलेल्या गतिरोधकाचे. वसाहतींच्या गल्ल्यांतील हातभर रुंदीचा उंचवटा आपली सगळी उंची वसूल करतो, आणि पावसाळ्यातील खड्डे कोणतेच मानक पाळीत नाहीत! म्हणून आपल्या नित्याच्या वाटेवरील सर्वांत उंच उंचवटा आधी मोजावा आणि मगच उतरण ठरवावी.

कायद्याचीही बाजू आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल मालकास करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही या कलमाचा अर्थ कठोरपणे लाविला. २०२१ च्या नियमांनी ५० वर्षांहून जुन्या, खाजगी वापराच्या वाहनांसाठी स्वतंत्र नोंदणी आणली. तिची अट वाहन मूळ स्वरूपात असावे, सांगाड्यात मोठा फेरफार नसावा, ही आहे. खाच पाडलेला सांगाडा या नोंदणीस कायमचा मुकण्याचा संभव आहे. बाक कमी करण्यापूर्वीही ठाणे वा कल्याण येथील परिवहन कार्यालयात विचारणा करणे इष्ट.

काम करावयाचे ठरल्यास मूळ पाटे तसेच ठेवून जुन्या बाजारातून दुसरा संच घ्यावा व बाक त्याचा कमी करावा. मूळ संचावर डावा-उजवा, पुढचा-मागचा अशा खुणा करून, तेल लावून तो गुंडाळून ठेवावा. नंतर फिरत्या दांड्याचा कोन, ब्रेकच्या नळ्यांची लांबी आणि दिव्यांचा झोत तपासावा; केवळ मागील बाजू उतरविली असेल तर झोत वर जातो आणि समोरच्याच्या डोळ्यांवर येतो.